क्रिस्तपुराण आणि दुःखितांचें सांत्वन : एक परीक्षण

१. फादर टॉमस स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण प्राचीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांतील कांहीं ओव्या शालेय पुस्तकांपर्यंत पोंचल्या आहेत. ग्रंथ मात्र त्यांच्या मागोमाग पोंचला नाहीं. मुद्रणकलेचा इतिहास लिहिणारे त्याचा उल्लेख १६१६ ह्या सालासाठीं करितात. भाषाशास्त्रज्ञ त्यांतील प्रत्ययांसाठीं व कोंकणी शब्दांसाठीं करितात. आणि आमच्यासारखे पोथ्यांच्या मागें हिंडणारे लोक त्याच्या लिपीच्या वादासाठीं करितात. हे सर्व उल्लेख योग्यच आहेत. परंतु ज्या माणसांसाठीं हा ग्रंथ रचिला गेला, त्यांस त्यापासून काय मिळालें, हा प्रश्न ह्या सर्व चर्चेंत बाजूस राहिला आहे. पुराण हें मुख्यतः ऐकणाऱ्याच्या मनासाठीं असतें. संकटांत सांपडलेला मनुष्य संध्याकाळीं पोथी उघडतो, तो तिच्यांतील षष्ठीचा प्रत्यय पाहण्यासाठीं नव्हे. म्हणून प्रस्तुत लेखांत क्रिस्तपुराणाची परीक्षा सांत्वनाचा ग्रंथ ह्या एकाच दृष्टीनें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांत ग्रंथाच्या गुणांबरोबर त्याचा दोषही सांगावा लागेल. आणि तो दोष लहान नाहीं.

२. प्रथम ग्रंथाची हकीकत थोडक्यांत देतों. ग्रंथाचें मूळ नांव पोर्तुगीज असून, आमचा तारक येशू ख्रिस्त याच्या जगांतील आगमनाविषयीं दोन भागांत केलेलें निरूपण, असा त्याचा अर्थ आहे. क्रिस्तपुराण हें नांव लोकांत रूढ झालें. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा ३६ अवस्वरांत आली आहे. दुसऱ्यांत येशूचें चरित्र ५९ अवस्वरांत आहे. एकंदर ओव्या १०,९६२ भरतात. ग्रंथ सासष्टींत रायतूर येथें १६१६ मध्यें रोमन लिपींत छापला गेला. त्यानंतर १६४९ व १६५४ ह्या सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. जें हातीं राहिलें तें सर्व हस्तलिखितांच्या द्वारें. मंगळूर येथें जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ मध्यें हस्तलिखितांवरून ग्रंथ रोमन लिपींतच पुन्हां छापिला. १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति पुण्यास निघाली. आणि १९९६ मध्यें फादर कारिदाद द्राग यांनीं संपादिलेली आवृत्ति मुंबईंत प्रसिद्ध झाली. छापलेला ग्रंथ नाहींसा व्हावा आणि हातानें उतरलेला टिकावा, ही गोष्ट मुद्रणाच्या सामान्य अनुभवाच्या उलट आहे. तिचा विचार आम्ही पुढें करूं.

३. ग्रंथ निर्माण होण्याचें कारण स्वतः ग्रंथकारानेंच पहिल्या अवस्वरांत सांगून ठेविलें आहे. देवळांत मुलांना धर्मशिक्षण चाललें असतां एक ब्राह्मण पुढें येतो आणि विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें वाचण्यास तुम्हीं मनाई केली, तर त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें कांहीं कां देत नाहीं? ह्या पृच्छेपासून ग्रंथाचा उगम झाला. आजपर्यंतच्या टीकाकारांनीं हा प्रसंग पुराणांतील वक्ता-श्रोता ह्या रूढ रचनेचा एक नमुना म्हणून सांगितला आहे. आमच्या मतें त्यांत रचनेपेक्षां अधिक कांहीं आहे. ज्याच्या घरांतून पोथी गेली आहे अशा माणसाचें तें गाऱ्हाणें आहे.

हें गाऱ्हाणें समजण्यासाठीं सासष्टीचा मागील अर्धशतकाचा इतिहास लक्षांत घ्यावा लागतो. १५६० मध्यें गोव्यांत इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६७ मध्यें सासष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. बाटलेल्यांस जुने ग्रंथ बाळगण्याची चोरी झाली, आणि न बाटलेले पुष्कळ लोक देवांच्या मूर्ति घेऊन खाडीपलीकडे निघून गेले. मागें राहिलेल्या माणसाची स्थिति अशी झाली कीं, जन्म, लग्न, आजार आणि मरण ह्या चारही वेळीं जे शब्द तोंडीं यावयाचे ते निषिद्ध झाले, आणि नवे शब्द लॅटिनांत होते. देव बदलणें ही एक गोष्ट आहे. परंतु रडावयास भाषाच न उरणें ही तिच्याहून वेगळी आणि, आम्हांस वाटतें, अधिक हलाखीची गोष्ट आहे.

येथें हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं मनन करावें अशी एक बाब आहे. जे ग्रंथ गोव्यांतील घरांतून काढून घेण्यांत आले, त्यांतील कांहींचे उतारे पाद्रींनीं आपल्या अभ्यासासाठीं रोमन लिपींत करून घेतले. त्यांच्या वह्या आज पोर्तुगालांत ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत आहेत. रामायण-महाभारतांतील कथांचें सोळाव्या शतकांतील गद्य आणि केळशीच्या कृष्णदास शामानें १५२६ मध्यें आरंभिलेलें श्रीकृष्णचरित्र आपणांस त्या वह्यांमुळें कळतें. म्हणजे ज्या हातांनीं पोथी काढून घेतली, त्याच हातांनीं ती राखली. क्रिस्तपुराणाविषयीं लिहितांना हा विरोध डोळ्यांआड करून चालणार नाहीं. कारण त्याच हातांनीं तिच्या बदल्यांत दुसरी पोथीही दिली.

४. ती देणाऱ्या पुरुषाचें चरित्रही ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. स्टीफन्स हे इंग्रज. इंग्लंडांत राणी एलिझाबेथच्या अमदानींत रोमन धर्म पाळणें हा गुन्हा ठरत चालला होता. त्यांचे मित्र टॉमस पाउंड यांस ह्याच कारणासाठीं सुमारें तीस वर्षें तुरुंगांत काढावीं लागलीं. स्टीफन्स मात्र निसटून रोमास पोंचले आणि १५७५ मध्यें येशूसंघांत दाखल झाले. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं ते गोव्यास उतरले, आणि १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, ते येथेंच राहिले. त्यांतील बहुतेक काळ सासष्टींत गेला. ज्या मनुष्यानें राजसत्तेनें लादलेल्या धर्माचा जाच स्वदेशीं पाहिला, तोच येथें राजसत्तेच्या बळावर पसरणाऱ्या धर्माचा सेवक झाला. ही विसंगति त्यांस जाणवली होती असें दाखविणारा एकही शब्द त्यांच्या पत्रांत आम्हांस आढळला नाहीं. परंतु पुराणाचा स्वर त्यांच्या पदापेक्षां मृदु आहे, आणि त्याचें कारण अनुभवांत असावें असें म्हणण्यास जागा आहे.

१५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी येथें रुदोल्फो आक्वाविव्हा यांच्यासह येशूसंघाचे पांच जण गांवकऱ्यांनीं ठार मारिले. गांवकऱ्यांचा संताप निष्कारण नव्हता. त्यांचीं देवळें नुकतींच दुसऱ्यांदा पाडण्यांत आलीं होतीं. सहकाऱ्यांचीं प्रेतें मिळवून आणण्याचें काम स्टीफन्स यांच्यावर आलें. पुढें बोलणें करण्याच्या मिषानें कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांस बोलावून पोर्तुगीजांनीं त्यांचा वध केला. त्याच वर्षीं २४ ऑक्टोबर रोजीं स्टीफन्स यांनीं पॅरिसमधील आपल्या भावास जें पत्र लिहिलें, तें भारतीय भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्या रचनेशीं जुळते, ह्या विधानासाठीं आज प्रसिद्ध आहे. भाषाशास्त्राचे इतिहासकार तें एक वाक्य उचलतात. पण तें कोणत्या वर्षीं लिहिलें गेलें हें फारसें कोणी पाहत नाहीं. दोन्ही बाजूंची प्रेतें पडलेल्या वर्षीं हा मनुष्य येथील लोकांच्या भाषेकडे आदरानें पाहत होता. क्रिस्तपुराणाचें बीज आम्ही तेथें मानतों.

भाषेविषयींचा हा आदर केवळ बोलण्यापुरता नव्हता. १६०८ च्या पत्रांत त्यांनीं आपल्या वरिष्ठांस येथील लिपींत पुस्तक छापण्याची इच्छा कळविली. जोडाक्षरांमुळें सुमारें ६०० ठसे लागतात, ते २०० वर आणतां येतील, असा हिशेबही त्यांत दिला. तसे ठसे त्यांस मिळाले नाहींत आणि मराठी ओवी रोमन अक्षरांत छापावी लागली.

५. आतां मूळ विषयाकडे वळूं. क्रिस्तपुराण दुःखिताचें सांत्वन कशानें करितें? आमच्या वाचनाप्रमाणें तीन गोष्टींनीं.

पहिली गोष्ट छंद. एकनाथांचें भागवत १५७३ मध्यें पूर्ण झालें; स्टीफन्स त्यानंतर सहा वर्षांनीं गोव्यास आले. त्यांनीं जो ओवीचा सांचा घेतला, तो महाराष्ट्रांत व कोंकणांत कथेचा, कीर्तनाचा आणि जात्यावरच्या गाण्याचा होता. पहिले तीन चरण यमकांत चढत जावे आणि चवथा आंखूड चरण सुरास खालीं आणून टेकवावा, ही ओवीची चाल ज्याच्या कानांत लहानपणापासून आहे, त्यास ती चाल ऐकतांच घरीं आल्यासारखें वाटतें. ग्रंथाचा आरंभ नमनानें होतो. मात्र नमन गणेशास व शारदेस नसून त्रैक्य परमेश्वरास आहे. अर्थ नवा, बैठक जुनी. ज्याचें सर्वच बदललें होतें, त्यास निदान बसावयास जुनी बैठक मिळाली. सांत्वनाची पहिली पायरी हीच असते. शोकांतील मनुष्यास आधीं ओळखीची जागा लागते, उपदेश मागाहून.

दुसरी गोष्ट शब्द. प्रास्ताविकांत ग्रंथकार सांगतो कीं, देवाच्या गोष्टी सांगण्यास योग्य म्हणून आपण मराठी निवडली, परंतु कठीण जुने शब्द टाळून ब्राह्मण लोकांच्या येथील बोलींतील सोपे शब्द मिसळले. त्याप्रमाणें येशू हा येथें स्वामी व तारक आहे, मरिया ही अंकुवारी आहे, आणि स्वर्ग हा वैकुंठ आहे. ह्या शब्दांविषयीं दोन प्रकारचे आक्षेप घेण्यांत येतात. एक असा कीं, हा जुन्या देवघरांतील भांडीं चोरून नव्या देवघरांत मांडण्याचा प्रकार आहे. दुसरा ख्रिस्ती पंडितांचा. तो असा कीं, अशा शब्दांनीं सिद्धांतास बाध येतो. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. परंतु मेलेलें मूल मांडीवर घेऊन बसलेल्या बाईस, तें कोठें गेलें, ह्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें असतें, तेव्हां तिला जो शब्द समजतो त्याच शब्दांत तें देतां येतें. वैकुंठ हा शब्द तिला समजत होता. तिच्या आईनेंही तोच उच्चारिला होता. ग्रंथकारानें तो ठेविला, हें त्याच्या चातुर्याइतकेंच त्याच्या माणुसकीचेंही गमक आहे.

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मतें मुख्य, कथा. जुन्या पुराणांत देव संकटांतून भक्तास सोडवितो. क्रिस्तपुराणांत देव स्वतःच संकटांत सांपडतो. गोठ्यांतील जन्म, लहानपणींच राजाच्या भीतीनें परदेशीं पळून जाणें, मित्राकडून विश्वासघात, शिष्यानें तीन वेळां ओळख नाकारणें, भर लोकांत विटंबना, आणि क्रूसाखालीं उभी असलेली माता. सासष्टीच्या श्रोत्यास ह्यांतील एकही गोष्ट ऐकीव नव्हती. सत्ताधाऱ्याच्या भीतीनें रातोरात गांव सोडणारीं कुटुंबें त्यानें पाहिलीं होतीं. शेजाऱ्यानें शेजाऱ्याची चुगली इन्क्विझिशनकडे केलेली त्यास ठाऊक होती. जीव वांचविण्यासाठीं आपल्या माणसाची ओळख नाकारणें म्हणजे काय, हें कदाचित् त्यानें स्वतःच केलें होतें. पेत्राचें रडणें त्यास कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. येथें ग्रंथ असा आशय देतो कीं, दुःख हें देवाच्या कोपाचें चिन्ह नव्हे. देव त्या वाटेनें आधीं गेला आहे. संकट टळेल असें वचन त्यांत नाहीं. संकटांत तूं एकटा नाहींस, इतकेंच त्यांत आहे. आणि ज्यांचें संकट टळण्यासारखें नव्हतें, त्यांस तेवढ्यावरच जगावयाचें होतें.

ह्याच ठिकाणीं ग्रंथाचा दोषही सांगितला पाहिजे. क्रिस्तपुराणांत मूर्तिपूजेचें खंडन आहे, आणि जेथें तें येतें तेथें कवि मागें सरून पंथाचा वकील पुढें येतो. ज्यास सांत्वन हवें, त्याच्या आईबापांच्या श्रद्धेस त्याच्यासमोर मिथ्या ठरविणें हें सांत्वन नव्हे. ती जखमेवर दुसरी जखम आहे. शिवाय ग्रंथ ज्या दुःखावर फुंकर घालतो, त्यांतील कांहीं दुःख ज्या सत्तेनें निर्माण केलें, तिच्याविषयीं तो मौन धरितो. राजाच्या अन्यायाची कथा त्यांत हेरोदाची आहे, पिलाताची आहे. गोव्याच्या विजरईची नाहीं. ती असणें त्या काळीं शक्य नव्हतें, हें आम्ही जाणतों. परंतु मौनाची नोंद करणें हें टीकाकाराचें कर्तव्य आहे. तरीही एक गोष्ट खरी कीं, ग्रंथ एकदां श्रोत्याच्या हातीं गेल्यावर तो ग्रंथकाराचा राहत नाहीं. हेरोदाची कथा ऐकणाऱ्यानें मनांत कोणाचा चेहरा पाहिला, हें कोणताही परवाना देणारा अधिकारी पाहूं शकत नव्हता.

तुलनेसाठीं दोन ग्रंथ घेण्यासारखे आहेत. एतिएन द ला क्रुआ यांचें संत पेत्राविषयींचें पुराण १६२९ ते १६३४ च्या दरम्यान गोव्यांत छापलें गेलें. त्याचा पुष्कळ भाग हिंदु देवतांच्या खंडनांत खर्ची पडला आहे. विद्वत्ता मोठी आहे. पण दुःखितानें उशाशीं ठेवावा असा तो ग्रंथ नव्हे. दुसरा ग्रंथ फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमारांइश यांचा १६५९ चा. तो उत्तर कोंकणांतील बोलींत असून त्याचा विषयच येशूचें दुःखदायक मरण हा आहे. त्यांत स्टीफन्स यांची सफाई नाहीं. भाषा गांवंढळ आहे, पण ती घरची आहे. १७३९ मध्यें वसई मराठ्यांनीं घेतल्यावर गोरे पाद्री निघून गेले आणि तेथील ख्रिस्ती प्रजा देशी पाद्रींच्या आधारानें राहिली. ह्या उलथापालथींतून व्हाझचें पुराण टिकलें, इतकेंच नव्हे तर १८४५ मध्यें मुंबईंत पुन्हां छापण्यासारखी त्याची मागणी राहिली. ज्यांनीं चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेचे कागद वाचले आहेत, त्यांनीं त्या मोहिमेच्या दुसऱ्या बाजूस कोणती पोथी वाचली जात होती, हेंही जाणून घेणें अगत्याचें आहे.

६. आतां हस्तलिखितांकडे येऊं. द ला क्रुआ यांच्या पेत्रपुराणाची छापील प्रत लिस्बन येथें राहिली आहे. क्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्यांपैकीं एकीचीही राहिली नाहीं. केवळ दैवयोग म्हणून ही गोष्ट सोडून देतां येईल. दमट हवा, वाळवी आणि सरकारी अनास्था यांनीं दोन्ही ग्रंथांवर सारखाच घाला घातला असता. २७ जून १६८४ रोजीं विजरई कोंदि द आल्व्हॉर यानें तीन वर्षांच्या आंत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. त्याचाही परिणाम देशी भाषेंतील सर्वच पुस्तकांवर झाला असला पाहिजे. परंतु मग एकाच ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती पिढ्यान्‌पिढ्या कां उतरल्या गेल्या? अकरा हजारांच्या जवळपास ओव्या टांकानें उतरणें हें महिन्यांचें काम आहे. तें कोणी हौसेनें करीत नाहीं, आणि हुकमानें तर नाहींच. कारण हुकूम उलट होता. आम्ही असें अनुमान करितों कीं, छापील प्रती वापरून झिजल्या, आणि ग्रंथावांचून ज्यांचें चालत नव्हतें त्यांनीं तो उतरून घेतला. ग्रंथ न वाचला गेल्यानेंही टिकतो. परंतु त्याची नक्कल मात्र कोणाला तरी तो हवा असल्यावांचून होत नाहीं. प्रत्येक नक्कल म्हणजे त्या ग्रंथाच्या गरजेचा एक दाखला होय.

ह्या नकला मुख्यत्वें कानड्यांत सांपडल्या, हेंही अर्थपूर्ण आहे. सोळाव्या शतकापासून पुढें इन्क्विझिशनच्या भयानें, दुष्काळानें आणि लढायांमुळें गोव्यांतील कोंकणी ख्रिस्ती कुटुंबें दक्षिणेस जाऊन राहिलीं. १६८३ ची संभाजीमहाराजांची गोव्यावरील स्वारी आमच्या बखरींत पराक्रमाची म्हणून आहे आणि ती तशी आहेच. सासष्टी व बारदेशांतील पुष्कळ कुटुंबांच्या आठवणींत मात्र तें देशांतराचें साल असेल. घर सोडतांना मनुष्य थोडेंच उचलतो. त्या थोडक्यांत ही पोथी होती.

ह्यापुढील प्रसंग टिपूच्या कैदेचा. १७८४ मध्यें टिपू सुलतानानें कानड्यांतील ख्रिस्ती लोकांस इंग्रजांस सामील असल्याच्या संशयावरून पकडून श्रीरंगपट्टणास नेलें. देवळें पाडलीं गेलीं, पाद्री हद्दपार झाले, आणि हजारों माणसें वाटेंत व कैदेंत मेलीं. जीं वांचलीं तीं ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडल्यावर सुटलीं. ह्या पंधरा वर्षांत क्रिस्तपुराणाच्या ओव्यांनीं कैद्यांची श्रद्धा जागी ठेविली, अशी परंपरा कानडी ख्रिस्ती समाजांत आहे. समकालीन कागदाच्या अभावीं अशी परंपरा आम्ही एरव्हीं पुरावा म्हणून मान्य करीत नाहीं, आणि येथेंही ती परंपरा म्हणूनच देतों. तथापि तिची शक्यता आंतील पुराव्यानें बळकट होते. पाद्री नाहीं म्हणजे मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, मरणाऱ्यास तैलाभ्यंग नाहीं. रोमन धर्माचे सर्व बाह्य आधार एकदम तुटलेले. अशा वेळीं जें मनुष्याच्या मुखांत आहे तेवढेंच उरतें. लॅटिन प्रार्थना मुखांत असली तरी तिचा अर्थ मनांत नसतो. ओवी मुखांत असते आणि अर्थासह असते. पाठांतरासाठींच जो छंद शतकानुशतकें घडला, तो पोथीवांचूनही चालतो. परंपरा खरी असल्यास तिचा अर्थ असा कीं, ज्ञानदेव-एकनाथांनीं जोपासलेली ओवी श्रीरंगपट्टणाच्या कैदेंत ख्रिस्ती माणसांच्या कामीं आली.

७. शेवटीं लिपीच्या वादाविषयीं दोन शब्द. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहांतील देवनागरी प्रत लंडनच्या प्राच्यविद्यालयांत अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट यांस आढळली, आणि हीच मूळ संहिता होय असें त्यांनीं १९२३ मध्यें प्रतिपादिलें. ह्या प्रतींत पोर्तुगीज शब्दांच्या जागीं बव्हंशीं संस्कृत शब्द आहेत. मूळ रूप कोणतें, ह्यावर विद्वानांत अद्याप मतभेद आहे. सांत्वनाच्या दृष्टीनें पाहतां हा वाद आम्हांस निराळा दिसतो. रोमन प्रतींत पोर्तुगीज धर्मशब्द आहेत. ते त्या लोकांचे रोजच्या देवळांतील शब्द झाले होते. देवनागरी प्रतींत संस्कृत शब्द आहेत; ते त्यांच्या पूर्वजांचे होते. मूळ कोणतेंही असो, कोणी तरी श्रम घेऊन एकाचें दुसरें केलें, आणि तें करणाऱ्यासमोर कोणी तरी वाचक होता, ज्याच्या मनास एक शब्द दुसऱ्यापेक्षां जवळचा होता. पाठभेदांची यादी करितांना संपादकानें त्या वाचकास विसरूं नये. १९०७ च्या आवृत्तीवर आधारलेली १९५६ ची आवृत्ति वाचकांच्या उपयोगाची आहेच. परंतु दोन्ही परंपरा समोरासमोर छापून, कोणता शब्द कोठें बदलला, ह्याचा हिशेब देणारें काम हीच ह्या ग्रंथाची खरी सेवा होईल.

८. आमचा निर्णय थोडक्यांत असा. क्रिस्तपुराण हें जबरदस्तीच्या काळांत, जबरदस्ती करणाऱ्या पक्षांतील एका सहृदय माणसानें रचलेलें सांत्वन आहे. जबरदस्ती नाकारून त्याची केवळ स्तुति करणें हें असत्य; आणि जबरदस्तीचें साधन म्हणून तें टाकून देणें हेंही असत्य, कारण ज्यांनीं तें पुढें दोनशें वर्षें हातानें उतरलें, त्यांच्यावर तें उतरण्याची सक्ति कोणीही केली नव्हती. दात्याच्या हेतूवरून दानाची परीक्षा होते. परंतु घेणाऱ्यानें त्या दानाचें काय केलें, ह्यावरूनही ती झाली पाहिजे. त्या लोकांनीं ह्या ग्रंथाच्या आधारानें देशांतर सोसलें, आप्तांचीं मरणें सोसलीं आणि, परंपरेवर विश्वास ठेविल्यास, कैदही सोसली. ग्रंथाची ह्याहून मोठी परीक्षा आम्हांस माहीत नाहीं.

संग्राहकांस एक विनंति करून हा लेख संपवितों. गोवा, सावंतवाडी, वसई व कारवार ह्या बाजूंस जुन्या ख्रिस्ती घरांतून रोमन अक्षरांत लिहिलेल्या फाटक्या वह्या अजून निघण्यासारख्या आहेत. लिपी परकी दिसल्यामुळें आमचे लोक त्या उघडून पाहत नाहींत, आणि भाषा जुनी झाल्यामुळें घरचे लोक त्या रद्दींत घालतात. अशी वही हातीं आल्यास ती मोठ्यानें वाचून पाहावी. ओवी कानास लगेच कळेल. नंतर तिचे समास पाहावे. उतरणाऱ्याचें नांव, साल, घरांतील कोणाच्या मरणाची नोंद, मेणाचे डाग, ज्या पानावर ती अधिक मळली आहे तें पान, हें सर्व टिपून ठेवावें. कोणतें पान अधिक मळलें आहे, हें कळलें म्हणजे त्या घरानें कोणत्या दुःखाच्या वेळीं काय वाचलें, हेंही कळेल. आणि आमच्या ह्या लेखांतील अनुमानांची खरी तपासणी तेव्हांच होईल.